फायबरची जोडणी घेताना वाट दाखवणाऱ्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

घरी फायबर इंटरनेट घेतल्यावर कोणता राउटर आणावा, या आमच्या प्रश्नावर तुम्ही एखादे नाव सुचवले असते, तरी आम्ही तो घेऊन मोकळे झालो असतो. तुम्ही मात्र आधी तार घरात कुठून येते, कोण कुठे बसून काम करते आणि मधल्या भिंती कशाच्या आहेत, हे सारे पाहिलेत. त्याबद्दल हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की तुम्ही सांगितलेले अशीच खरेदी करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावे.

प्रकाशाच्या रूपात येणारा संकेत विजेच्या संकेतात बदलणारी ओएनटीची पेटी सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेली असते, त्यामुळे सहसा ती तशीच ठेवून राउटर तिच्यापुढे जोडायचा, हे तुमच्यामुळे समजले. तिच्यात बसणाऱ्या हिरव्या कनेक्टरचे टोक 8 अंशांनी तिरके घासलेले असते आणि तो निळ्या सॉकेटमध्ये कधीही बसवू नये, हे तर आम्हाला कोणीच सांगितले नव्हते.

सर्वांत मोलाची ठरली ती केबलची तपासणी. भिंतीतून आधीपासून गेलेल्या केबलच्या पारदर्शक प्लगमध्ये आठांपैकी चारच तारा जोडलेल्या आहेत, हे तुम्ही बॅटरीच्या उजेडात दाखवलेत. चार तारांवर 100 एमबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिटच्या) पुढे जाता येत नाही आणि गिगाबिटसाठी, म्हणजे 1000 एमबीपीएससाठी, आठही लागतात. म्हणजे कितीही भारी राउटर आणला असता, तरी त्या केबलच्या टोकाला 300 एमबीपीएसच्या योजनेचा तिसरा हिस्साच पोहोचला असता. दोन्ही टोकांना नवे प्लग लावून तुम्ही तीच केबल कामाला लावलीत.

राउटरच्या खोक्यावरच्या आकड्यांचा उलगडाही असाच. ‘एएक्स 3000’ हा आकडा 2.4 गिगाहर्ट्झवरचे 574 आणि 5 गिगाहर्ट्झवरचे 2402 एमबीपीएस यांची ढोबळ बेरीज असतो, आणि दोन अँटेनांच्या साध्या फोनला त्यातला फार तर 1201 चा दुवा मिळतो, तोही कागदोपत्री. विक्रेते ही फोड आपणहून सांगत नाहीत, याचे मला फारसे नवल वाटत नाही.

तुमच्या सांगण्यावरून आम्ही मध्यम क्षमतेचा वाय-फाय 6 राउटर घेतला. त्याचे वॅन (बाहेरून इंटरनेट आत घेणारे) आणि लॅन (घरातली उपकरणे जोडायचे) पोर्ट गिगाबिट आहेत, एवढीच अट काटेकोरपणे पाळली. आतल्या खोलीसाठी रिपीटर न घेता दुसरे उपकरण त्याच केबलने जोडून ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवण्यासाठी, बसवले, कारण एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग जवळपास निम्म्यावर आणतो. ओएनटीमध्येही राउटर असल्याने इंटरनेटच्या पत्त्याचा बदल (नॅट) दोनदा होत होता; कंपनीला सांगून ती ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचे काम न करता संकेत नुसता पुढे देण्यावर, टाकून घेतली आणि कंपनीचे लॉगिन आमच्या राउटरमध्ये भरले. ओएनटीचे वाय-फाय आता बंद आहे.

पुढे गच्चीवर कॅमेरा लावायचा विचार आहे. त्यासाठी नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच घ्यावा की एका उपकरणापुरते तेच काम करणारा इंजेक्टर पुरेल, हे विचारायला येईन, तेव्हा तुमचे प्लग लावायचे क्रिम्पिंगचे हत्यारही सोबत आणतो.

आपला कृपाभिलाषी,
एक शेजारी