दुपट्याला ‘बॅच नंबर’ कुठून आणायचा?

महोदय,

साताऱ्यात आम्ही सात जणी मिळून बाळंतविडा शिवतो. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी आणि जुन्या लुगड्यांच्या बाळगोधड्या. गेली काही वर्षे यातला बराच माल पार्सलने परदेशी जात होता. म्युनिकला कुणाची लेक बाळंत होणार असते, न्यू जर्सीत नातवाचे बारसे असते, आणि आजीला सगळे इथले मऊ सुतीच हवे असते. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपचे दार आम्हाला बंद झाले आहे.

त्या दिवशी युरोपीय संघात ग्राहक वस्तूंच्या सुरक्षेचा नवा नियम लागू झाला. बाहेरच्या विक्रेत्याला आता संघातल्या एखाद्या देशात जबाबदार प्रतिनिधी असावा लागतो. त्याचे नाव-पत्ता वस्तूवर किंवा वेष्टनावर द्यायचा, विक्रीच्या पानावरही द्यायचा, आणि वस्तूपासून कोणते धोके संभवतात ते लिहून जपून ठेवायचे. वर्षाला पाच नग पाठवा की पाच लाख, यातून सूट नाही. आम्ही ज्या संकेतस्थळावरून विकत होतो, त्याने आमची पाने युरोपातल्या गिऱ्हाइकांना दाखवणेच थांबवले. प्रतिनिधीचे काम करणाऱ्या दोन कंपन्यांकडे चौकशी केली. त्यांची वर्षाची फी आमच्या युरोपातल्या वर्षभराच्या नफ्याहून जास्त निघाली.

नियम नकोत असे मी म्हणत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला चार वर्षांचा एक मुलगा बुटांसोबत फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचे पदक गिळून शिशाच्या विषबाधेने गेला. पुढच्याच वर्षी मॅटेल या खेळण्यांच्या बड्या अमेरिकी कंपनीला चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी परत मागवावी लागली, कारण रंगात शिसे होते. त्यानंतर ऑगस्ट २००८ मध्ये मुलांच्या वस्तूंसाठी अमेरिकेचा कडक कायदा आला. अशा कायद्याला कोणती आई नको म्हणेल? आम्हीही त्यातून शिकलो. पूर्वी बाळंतविड्यात मोहरीची उशी देत होतो. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली उशीच नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि शिवण उसवली तर मोहरी नाकातोंडात जायची. ती उशी आम्ही बंद केली. युरोपातल्या मानकानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी चालत नाही, फास बसू शकतो. म्हणून कुंचीची नाडी काढून वेल्क्रो लावले.

पण गोधडीचे काय करायचे? एका नऊवारीतून बाळाच्या एक, फार तर दोन गोधड्या निघतात. जरीचा काठ टोचतो, म्हणून तो आधी उसवून बाजूला काढायचा. लुगडे उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायचे, मग थर लावून धावदोरा घालायचा. पुढचे लुगडे वेगळ्या घरातले, वेगळ्या रंगाचे. अमेरिकेचा कायदा म्हणतो, वस्तू कुठे, कधी आणि कोणत्या बॅचमध्ये बनली याची कायमची खूण तिच्यावर हवी. आमची बॅच म्हणजे एक गोधडी! प्रयोगशाळेत विचारले, तर त्यांना तपासायला कापडाचा तुकडा कापून हवा. ती एकुलती एक गोधडी कापल्यावर विकायला उरले काय?

यावर तोडगा निघतच नाही असेही नाही. सुरुवातीला २००८ च्या कायद्यापुढे सेलेक्टा ही लाकडी खेळण्यांची जर्मन कंपनीसुद्धा टिकली नाही. त्या वर्षअखेर तिने अमेरिकेतली विक्री थांबवली. उलट मॅटेलला पुढे स्वतःच्याच प्रयोगशाळांत चाचण्या करायची परवानगी मिळाली! पण अमेरिकेतल्या छोट्या कारागिरांनी आवाज उठवला, तेव्हा साधे लाकूड आणि सुती-लोकरी कापड शिशाच्या चाचणीतून वगळले गेले, आणि २०११ मध्ये थोड्या संख्येने माल बनवणाऱ्यांसाठी कायद्यात दुरुस्ती झाली. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, पण हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे कारखाना आणि कारागीर यांत फरक करणे सरकारला कळते. हाच फरक आपल्या सरकारने युरोपीय संघापुढे का मांडू नये?

ते होईपर्यंत दोन गोष्टी इथेच करता येतील. निर्यात परिषदांनी बचत गटांसाठी युरोपात एक सामाईक प्रतिनिधी नेमावा. पन्नास गटांत वाटली तर ती फी कुणालाच जड नाही. आणि मुंबईत प्रभादेवीला असलेल्या केंद्र सरकारच्या वस्त्र समितीने आपल्या प्रयोगशाळांत छोट्या गटांना सवलतीच्या दरात चाचण्या करून द्याव्यात, एकेका नगाची नव्हे तर कापडाच्या प्रकाराची. हे लवकर व्हायला हवे. अमेरिकेने मुलांच्या वस्तूंची प्रमाणपत्रे सीमाशुल्काकडे ऑनलाइन भरण्यासाठी ८ जुलै २०२६ ही तारीख दिली आहे आणि ती छोट्या पार्सलांनाही लागू आहे. युरोपनंतर न्यू जर्सीही गेले, तर आमच्या सात जणींपैकी चौघींचे काम सुटेल.

– एक वाचक, सातारा