वहीतली 23 नावे

जळगाव,
12 ऑक्टोबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. धुळे-नंदुरबारकडच्या चार विद्यार्थ्यांना दरवर्षी उन्हाळ्याचे दोन महिने कर्करोग संशोधनाच्या प्रयोगशाळेत पाठवायचे तू ठरवले आहेस, आणि विश्वस्तांनी मात्र दोन वर्षांत निकाल दाखवण्याची अट घातली आहे. ते वाचून मी कपाटातली ती जुनी वही काढली. महाविद्यालयातून खारघरला, पुण्याला अशा प्रशिक्षणासाठी गेलेल्या 23 विद्यार्थ्यांची नावे तिच्यात आहेत आणि दर दिवाळीत फोन करून कोण कुठे आहे ते मी प्रत्येक नावापुढे लिहीत आलो आहे.

दोन वर्षांत काहीच दिसणार नाही, हे विश्वस्तांना आधीच स्पष्ट सांग. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा पदवी, मग एम.एस्सी.ची दोन वर्षे, पीएच.डी.ची पाच-सहा आणि त्यानंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतील आणखी काही वर्षे काढतो, तेव्हा कुठे त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळण्याची वेळ येते. म्हणजे आज पाठवलेल्या मुलाचा खरा हिशेब बारा-पंधरा वर्षांनी मांडता येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अशी दोन महिन्यांची विद्यार्थिवृत्ती 1979 पासून चालवते, आणि अमेरिकेतही राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अनुदानावर उन्हाळी प्रशिक्षणे चालतात. प्रशिक्षण संपताना भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या कागदावर सगळीच मुले उत्साही असतात. पुढे ती कुठे गेली, हे सांगायला मात्र वर्षानुवर्षे त्यांच्या मागावर राहणारे कोणीतरी लागते.

इथेच मोठी गोम आहे. चौकशीच्या पत्राला उत्तर देणारे बहुधा तेच असतात, ज्यांचे बरे चालले आहे. शोधनिबंधांच्या यादीत नाव शोधून हिशेब करावा, तर आपल्याकडच्या मुली हातातून निसटतात, कारण लग्नानंतर आडनाव बदलते, मधले वडिलांचे नावही जाते आणि यादीत ती मुलगी उरतच नाही. माझ्या वहीतल्या दोघी मला अशाच कित्येक वर्षे सापडत नव्हत्या; एकीचा पत्ता शेवटी तिच्या यावलच्या मावशीकडून लागला. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या घरच्या दोन माणसांचे फोन लिहून घे, आणि न निवडलेल्या अर्जदारांचीही यादी जपून ठेव. जी मुले अर्ज करतात ती मुळातच संशोधनाकडे ओढलेली असतात. न निवडलेलीही तितकीच पुढे गेली असतील, तर प्रशिक्षणामुळे काय घडले हे कसे सांगणार?

निकाल म्हणून नेमके काय मोजायचे, हा प्रश्न मला याहून जवळचा वाटतो. 23 जणांपैकी चौघांनीच पीएच.डी. केली. केवळ तेवढेच मोजले, तर तुझे विश्वस्त हात आखडता घेतील. पण चोपड्याकडची एक मुलगी आज नाशिकला औषधांच्या चाचण्यांची समन्वयक आहे. मागच्या वर्षी मी तिचे काम पाहायला गेलो होतो. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेले साक्रीकडचे एक आजोबा समोर बसले होते. पाच पानांचे संमतीपत्र बाजूला ठेवून ती त्यांना अहिराणीत समजावत होती की औषध कोणते मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, आणि नको वाटले तर कधीही थांबता येते, उपचार त्यामुळे बंद होत नाहीत. आजोबांनी तीनदा तेच विचारले, तिने तीनदा तेच सांगितले, मगच अंगठा घेतला. चाचणीत चिठ्ठी का टाकतात, हे ती त्या दोन महिन्यांत शिकली होती. हिला कोणत्या रकान्यात घालशील?

उलटे उदाहरणही आहे. एका प्रयोगशाळेत, तिचे नाव घेत नाही, आमच्या एका हुशार मुलाला दोन महिने काचेची भांडी धुवायला लावले. मार्गदर्शक त्याच्याशी दोनदाच बोलले. तो परत आला आणि बँकेच्या परीक्षांना लागला. त्यामुळे संस्थेच्या नावापेक्षा मुलाजवळ रोज बसणारा माणूस कोण आहे, ते आधी विचार.

कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांचा प्रवास मी वर्गात नेहमी सांगतो. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांनी पुण्यात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. केली, ती 1943 मध्ये. पुढे मुंबईत वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या कर्करोगाकडे वळल्या, 1949 मध्ये डॉक्टरेट मिळवली, बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. 1943 मध्ये त्यांच्याकडे कोणी 'निकाल' मागितला असता, तर सीताफळाच्या गुणसूत्रांखेरीज काय दाखवता आले असते?

विश्वस्तांकडून निदान दहा वर्षांची मुदत माग, आणि पाठपुराव्यासाठी थोडी रक्कम पहिल्याच वर्षी वेगळी काढ, कारण नंतर त्यासाठी कोणी पैसे देत नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी मी वही घेऊन धुळ्याला येतो. अर्जाचा नमुना आपण दोघे बसून करू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरविंद