जुन्नरहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि हे सगळं सावकाश सांगायचंय, म्हणून पत्र.

बदलीचा कागद आला तेव्हा मला जुन्नर म्हणजे शिवनेरी, एवढंच माहीत होतं. शिवनेरी तर आता खिडकीतूनच दिसतो. पण या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत, हे इथे आल्यावर कळलं. गेले चार रविवार मी तिथेच असते. गावातले एक निवृत्त गुरुजी ब्राह्मी, म्हणजे या लेखांची जुनी लिपी, वाचतात, त्यांच्याकडून अक्षरं शिकतेय.

बाबा, एका लेखापाशी तुमची फार आठवण झाली. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी इथे पाण्याची टाकी खोदवली. लेखाच्या शेवटी शब्द आहेत, ‘बे पोढियो’. दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी. गुरुजींनी ‘बे’ वाचलं आणि मला आपला ओटा दिसला, दिवेलागणीची वेळ आणि तुम्ही म्हणवून घेत असलेलं ‘बे एके बे’. दुसरीकडे कुठे आपण दोनाला बे म्हणतो? पाढ्यात तेवढा तो शब्द टिकलाय. परक्या मुलखातला माणूस इथे आला आणि त्याने दान काय दिलं, तर वाटसरूंना, भिक्षूंना पाणी. मी तिथे बराच वेळ बसून होते.

आई, तुला आवडेल असा आणखी एक लेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांनी मिळून सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. राजा नाही, सरदार नाही, बाजारातली माणसं. आता आठवडी बाजारात ज्वारी घेताना मला ते आठवतातच.

हा सगळा पैसा नाणेघाटातून यायचा. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच घाटाने वर चढे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. जवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दक्षिणा दिली, सगळं आकड्यांत कोरलंय. बाबा, भारतातल्या जुन्यात जुन्या अंकांपैकी ते अंक आहेत. गणिताच्या मास्तरांनी ते बघायलाच हवेत.

पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी पावसाळ्यात इथे अडकला होता. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणून तुम्ही दिवाळीनंतर या. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, डोलीची चौकशी केली आहे. रांजणापाशी मात्र गाडी बरीच जवळ जाते.

आणि बाबा, आपल्या गावच्या बारवेच्या आतल्या बाजूला, तिसऱ्या टप्प्यावर, अक्षरं कोरलेली होती. लहानपणी मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, देवाचं काहीतरी असेल. आता बारव बुजवायची चर्चा आहे असं आई म्हणाली. त्याआधी शेजारच्या मुलाला सांगून, तिरपा उजेड असेल तेव्हा सकाळी, त्या दगडाचे फोटो काढून मला पाठवा. पाणी कुणी दिलं त्याचं नाव असेल तिथे.

तुमची,
ताई