परत आणा आणि खटला चालवा

परदेशातील दहशतवादी संघटनांत गेलेल्या नागरिकांना मायदेशाची दारे बंदच ठेवावीत, असे सुचवणारा लेख वाचला. लेखकाचा संताप रास्त आहे. उपाय मात्र पटला नाही. आयसिसमध्ये सामील झालेली एक महिला जर्मनीत परतली, म्हणूनच तिच्यावर म्युनिकमध्ये खटला उभा राहिला. इराकमध्ये तिच्या घरी गुलाम म्हणून ठेवलेली यझिदी या अल्पसंख्याक धार्मिक समुदायातील ५ वर्षांची मुलगी उन्हात बांधून ठेवल्याने तहानेने तडफडून मेली होती. त्या मुलीच्या आईने न्यायालयात साक्ष दिली. २०२१ मध्ये आरोपीला १० वर्षांची शिक्षा झाली, २०२३ मध्ये ती १४ वर्षांवर गेली. आरोपी देशाबाहेरच राहिली असती, तर या आईने दाद कुठे मागायची? सीरियात आयसिसच्या कुटुंबांना ठेवलेल्या छावण्यांत जन्मलेल्या मुलांचा तर यात काहीच दोष नाही. ज्यांच्यावर आरोप आहेत, त्यांना सरकारने परत आणावे आणि विमानतळावरूनच ताब्यात घ्यावे.

– एक वाचक