या वेळी पहिली पंगत तुमची

खारघर,
५ मे २०२४

तीर्थरूप बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळे बरे आहेत. हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा ‘कशाला?’ म्हणतात, आई ‘बघू’ म्हणते, आणि या दोन्हींचा अर्थ मला चांगला पाठ आहे. म्हणून लिहूनच कळवते. येत्या रविवारी, १२ तारखेला, तुमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, संध्याकाळी सात वाजता आपण बाहेर जेवायला जातोय. टेबल सांगून झालंय, ॲडव्हान्स भरून झालाय. बाबा, ॲडव्हान्स परत मिळत नाही. विचारून ठेवलंय.

हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाबा उद्या सकाळी फिरायच्या निमित्ताने तिथवर जातील, दारावरचा दर वाचतील आणि एवढ्या पैशात महिन्याचं वाणसामान येतं असं घरी येऊन आईला सांगतील. पाचपाखाडीच्या बाजूला आहे, शाकाहारी आहे, थाळी आहे. एवढं पुरे.

आई, तुझ्या मनात घरीच करायचं होतं, मला कल्पना आहे. सकाळी सत्यनारायण, दुपारी वीस पानं, पुऱ्या मीच लाटीन, तळायला कोणीही बसा. तू हे म्हणालीस तेव्हा मी गप्प बसले, त्याचा तुला होकार वाटला असेल. तो होकार नव्हता गं. मला पंचविसावा आठवत होता. १९९९ साली गच्चीत पन्नास माणसं जेवली, आणि रात्री साडेदहाला तू ओट्याशी उभी राहून पातेल्याच्या बुडातला मसालेभात खाल्लास. परवा मी तो अल्बम पुन्हा काढला होता. एवढ्या फोटोंत तू नाहीस. एकात फक्त तुझा हात आहे, कोशिंबीर वाढताना, तोही बांगड्यांवरून ओळखला.

आणि त्याआधीची ती ट्रकची गोष्ट मी सांगत नाही, रविवारी बाबा सांगतीलच (दर वर्षी त्यात कसारा घाट थोडा आणखी उभा होतो). पण ८ मेला रेल्वेचा संप सुरू होतो काय, १२ तारखेला नाशिकला तुमचं लग्न असतं काय, आणि मुंबईला कांदा उतरवून रिकामा परत निघालेल्या ट्रकमधून ठाण्याचं वऱ्हाड जातं काय! सगळे हसतात ते बाबांच्या फेट्यात अडकलेल्या कांद्याच्या सालाला. मला मात्र दर वेळी तुमची पानं आठवतात. वऱ्हाड पोचून, सगळं आटपून तुम्ही दोघं जेवायला बसलात तेव्हा भात गार झाला होता आणि जिलेबी वातड. ‘वातड’ हा आईचा शब्द. तिने तो पन्नास वर्षांत कधी बदलला नाही.

म्हणून मला फक्त एकच बघायचं होतं. तुम्ही बसलेले असाल आणि कोणीतरी गरम वाढेल. आईला उठायला लागणार नाही.

चाळिसाव्याला मी तोच घाट घातला होता आणि पार घोळ केला होता, ते मी विसरलेले नाही. तेव्हा मी नावाजलेलं हॉटेल बघितलं. टेबल राखून ठेवत नाहीत, नंबर लावायचा, हे तिथे गेल्यावर कळलं. तुम्ही दोघं सव्वा तास बाहेर प्लास्टिकच्या स्टुलांवर. बाबांची साखर उतरली, हात थरथरायला लागले, आणि आईच्या पर्समधून राजगिऱ्याची वडी निघाली म्हणून निभावलं. परत येताना रिक्षात बाबा मला म्हणाले, ‘छान होतं गं जेवण.’ मी काही बोलू शकले नाही.

या वेळी मी तीनदा जाऊन आले. ठाणे लोकल पकडायची, उतरून चालत जायचं, आणि एकटीने थाळी जेवायची. तिसऱ्या वेळी वाढपी मला ओळखायला लागले. त्याआधी बाकीची ठिकाणंही बघितली, मनात आलं तसं ठरवलेलं नाही. येऊरला मोकळं आणि छान आहे, पण अंधारात ओबडधोबड पायऱ्या. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम चालू आहे, तिथे गाडीत किती वेळ जाईल सांगता येत नाही, शिवाय २० तारखेला मतदान, म्हणजे प्रचाराचा रविवार. मॉलमध्ये सरकता जिना. बाबा, तुम्ही नाही म्हणालात तरी मला माहितीये तुम्हाला त्याची भीती बसलीये. एका गच्चीवरच्या हॉटेलात तर गाणी इतकी मोठ्यांदा की मला माझीच ऑर्डर ऐकू येईना. बाबा, तुमच्या कानातल्या मशीनची काय अवस्था झाली असती!

हे तळमजल्यावर आहे. दारात एकच पायरी, तीही बुटकी. खुर्च्यांना हात आहेत, आईला उठताना टेकायला होईल. संडास कमोडचा, स्वच्छ, टेबलापासून पंधरा पावलांवर, मी मोजली. एसीचा झोत येत नाही असं कोपऱ्यातलं टेबल मागितलंय. सात वाजता उघडतं, म्हणजे बाबांची गोळी आणि जेवण वेळेत होईल, गर्दी व्हायच्या आत. फुलके तव्यावरून थेट पानात. वरणभात मऊ मिळेल का विचारलं, तर मॅनेजर म्हणाले, आजोबा-आजी असतील तर आधी सांगून ठेवा, वेगळा लावू. मी म्हटलं, लावाच. आणि हो, यंदा मे महिन्यात शुक्र अस्ताला गेल्यामुळे मुहूर्त नाहीत, तेव्हा शेजारी लग्नाची पार्टी असण्याची भीतीही कमी. कालनिर्णयात हे बाबांनीच मला दाखवलं होतं.

आता एक सांगायचं राहिलंय, म्हणजे राहिलं नव्हतं, मी टाळत होते. दादा येत नाहीये. सुट्टी मिळाली नाही. तो स्वतः फोन करणार होता, पण दोनदा लावून त्याने आधीच कट केला, मग मला म्हणाला, तू सांग. जुलैत मुलांच्या शाळा बंद झाल्या की सगळे येतायत, चांगले महिनाभर, तिकिटं काढलीत. जेवणाचे निम्मे पैसे त्याने हट्टाने पाठवले. रविवारी आपण बसलो की तो व्हिडिओवर असेल. आई, तेव्हा त्याच्यासमोर रडू नकोस. नंतर माझ्याकडे रड.

त्यामुळे आपण नऊच जण. आत्या आणि मावशी धरून. बाकीच्यांना बोलावलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.

काल ते टेबल बघत उभी होते आणि एकदम गडकरीच्या बाहेरचा रस्ता आठवला. नाटक संपलं की बाबा मला खांद्यावर घेऊन तलावपाळीने नौपाड्यापर्यंत चालत यायचे, आई माझ्या चपला हातात घेऊन मागून. आता सांगायला हरकत नाही, मी बहुतेक वेळा जागी असायचे. बाबांच्या शर्टाला वागळे इस्टेटच्या मशीनच्या तेलाचा वास यायचा, धुतला तरी जायचा नाही. उतरवलं असतं तर चालावं लागलं असतं, म्हणून डोळे मिटून घ्यायचे. आईला माहीत होतं बहुतेक. तिने कधी सांगितलं नाही.

तर आता नीट ऐका. शुक्रवारी अक्षय तृतीया आहे, आमरस होणारच. बाबांना एक वाटी, छोटी, स्टीलची. रविवारी रात्री जेवायचंय म्हणून दुपारी उपाशी राहायचं नाही, नेहमीच्या वेळी एक पोळी-भाजी खायची. त्या सकाळी मिसळ खायला जायचं नाही, मामलेदारची तर नाहीच, माझ्याकडे बातमी पोचते. मशीनचा सेल बदला. आईने गुडघ्याचा पट्टा लावायचा, पैठणीच्या आत दिसत नाही. जुनी पैठणीच नेस, ती फाटेल म्हणून ठेवून ठेवून घडीवर विरायला लागलीये. साडेसहाला गाडी खाली येईल, तुमचे जावई तीन मजले चढून वर येतील आणि हात धरतील. बाबा, धरू द्या.

जिलेबी मी सांगून ठेवलीये, तुम्ही बसल्यावर तळून आणतील. बाबांना एक. एकच, आणि आईच्या पानातली अर्धी मोजली जाईल.

तुमची,
मनी

ता. क. आई, पर्समध्ये राजगिऱ्याची वडी ठेव. मी काही म्हणणार नाही.