बाबांच्या पेटीतील अमोनाइटांची ओळख पटवून देणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

बाबांनी कच्छमधून आणलेल्या जीवाश्मांची पेटी आपण उघडून पाहिली, तिच्यातील एकेक दगड भिंगाखाली धरून त्याची ओळख पटवली आणि बाबांच्या पश्चात ज्याचे काय करावे हे आम्हाला उमगत नव्हते त्या संग्रहाला त्याचे योग्य स्थान मिळवून दिले, याबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, नदीकाठाहून, डोंगरातून किंवा बदलीच्या गावाहून आणलेले असे दगड अनेक घरांच्या माळ्यांवर पडून असतात आणि आवराआवरीच्या दिवशी ते कुंडीत किंवा कचऱ्यात जातात. आपण आमच्या पेटीसाठी जे केले ते त्या घरांपर्यंतही पोहोचावे, असे मला वाटते.

सीमेलगतच्या रस्त्यांच्या कामावर अभियंता म्हणून बाबा काही वर्षे नखत्राण्याच्या बाजूला होते. सुट्टीच्या दिवशी ते छारीजवळच्या कीरो डुंगराच्या पायथ्याशी फिरत आणि पावसाने सुटून ओघळीत आलेले अमोनाइट, म्हणजे प्राचीन समुद्री प्राण्यांची दगड झालेली वेटोळी कवचे, वेचून आणत. प्रत्येक दगड त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता आणि आत आपल्या बारीक अक्षरातील एक चिठ्ठी सरकवली होती. पेटी उघडल्यावर आपण दगडांच्या आधी त्या चिठ्ठ्या बाहेर काढल्यात, ही गोष्ट माझ्या मनात कायमची राहिली आहे. ‘दक्षिण उतार, सोनेरी खड्यांचा थर, ओढ्याच्या वर’ अशी एक ओळ आपण मोठ्याने वाचलीत आणि म्हणालात, “यांनी अर्धे काम करून ठेवले आहे.” बाबांच्या त्या सवयीचे घरात आम्हाला कौतुक होते, पण तिचे मोल काय आहे हे त्या दिवशी प्रथमच कोणीतरी जाणकाराच्या तोंडून ऐकले.

आपण पुढे जे समजावून सांगितले ते मी जमेल तसे येथे मांडते. अमोनाइट हे माकूळ आणि ऑक्टोपस यांच्या कुळातील, शंखासारख्या वेटोळ्या कवचात राहणारे समुद्री प्राणी. त्यांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या आणि दूरदूरच्या समुद्रांत पसरल्या, म्हणून कोणता अमोनाइट कोणत्या थरात सापडला यावरून त्या थराचा काळ ठरवता येतो. जर्मनीच्या आल्बर्ट ओपेल यांनी १८५६ ते १८५८ या काळात जुरासिक थरांची जी काटेकोर विभागणी मांडली, तिचा आधार मुख्यतः अमोनाइटच होते. साहजिकच, थराची नोंद हरवलेला अमोनाइट देखणा असला तरी जवळजवळ मुका असतो आणि थराची नोंद असलेला मोडका तुकडाही उपयोगाचा ठरतो. माझ्या मते संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत आधी हीच गोष्ट सांगायला हवी.

ज्या दगडांच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या त्यांच्याबाबतीत आपण जे केले ते पाहण्यासारखे होते. दगड स्वच्छ धुऊन घासून ठेवावेत का, असे मी विचारले तेव्हा आपण लगेच थांबवलेत, कारण वेटोळ्याच्या मधल्या खळग्यात चिकटून राहिलेला मूळ खडक हाच आता त्यांचा दाखला होता. भिंगातून पाहताना काही दगडांच्या त्या खळग्यांत राजगिऱ्याएवढे गोल, सोनेरी दाणे एकमेकांना खेटून बसलेले दिसले. उथळ, हलत्या पाण्यात बारीक कणांभोवती एकावर एक पापुद्रे चढून असे दाणे बनतात आणि लोहाच्या अंशाने त्यांना हा रंग येतो, असे आपण सांगितले. दुसऱ्या काही दगडांवर दाणे तसेच होते, पण त्यांचा रंग हिरवट आणि गंजासारखा तपकिरी होता. पहिले कीरो डुंगराच्या खालच्या अंगाला येणाऱ्या सोनेरी चुनखडकातील आणि दुसरे त्याच मालिकेच्या माथ्यावरील, धोसा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरातील. एकाच टेकडीवर वेचलेल्या या दोन दगडांमध्ये काही दशलक्ष वर्षांचे अंतर होते आणि ते अंतर आपण चिमटीत मावणाऱ्या खड्यांवरून ओळखले.

सोनेरी दाण्यांच्या गटातील फुगीर, मधला खळगा अगदी अरुंद असलेला आणि कवचभर बारीक धारा असलेला मोठा नमुना मॅक्रोसेफॅलाइटिस या अमोनाइटाचा आहे, असे आपण सांगितले. त्याचे भाऊबंद युरोपातही त्याच काळाच्या थरांत मिळतात. सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि आफ्रिका हे भूभाग एकमेकांपासून अलग होऊ लागले होते, मधल्या खचलेल्या भागात समुद्र शिरला होता आणि आजचे कच्छ त्या समुद्राच्या तळाशी होते. धोसा थरातील मायाइटिस हा अमोनाइट तर कच्छप्रमाणे मादागास्करमध्येही सापडतो. हे ऐकताना बाबा असायला हवे होते, असे आम्हा सर्वांनाच वाटले.

पेटीतील फुटका अमोनाइट मी बाजूला काढून ठेवला होता, पण आपला सर्वाधिक वेळ त्याच्यावर गेला. तुटलेल्या बाजूने आतील कप्पे दिसत होते. आतले कप्पे पांढऱ्या कॅल्साइटच्या स्फटिकांनी भरलेले आणि सर्वांत बाहेरचा मोठा कप्पा मात्र गाळाने भरलेला. प्राणी राहायचा तो या बाहेरच्या कप्प्यात. मागचे कप्पे पडद्यांनी बंद असत, पण बाहेरच्या कडेने जाणारी एक बारीक नळी त्या सर्वांना जोडत असे. तिच्यावाटे कप्प्यांतील पाणी काढून घेतले जाई, तेथे वायू भरे आणि जड कवचासह प्राणी पाण्यात तरंगू शके. मेल्यानंतर उघड्या कप्प्यात गाळ शिरला, बंद कप्प्यांत मात्र झिरपत्या पाण्याने स्फटिक वाढवले. पडद्यांच्या कडा कवचाला जिथे जोडलेल्या असतात, तिथे पानांच्या कातरलेल्या कडांसारखी नक्षी उमटते. ती आपण माझ्या मुलीला पेन्सिलीने कागदावर उतरवायला लावलीत. तो कागद तिने जपून ठेवला आहे.

नावे देताना आपण बाळगलेल्या सावधपणाचा उल्लेखही केलाच पाहिजे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे विल्हेल्म वागेन यांनी १८७३ ते १८७५ या काळात कच्छच्या अमोनाइटांवर लिहिले आणि स्पाथ यांनी १९२७ ते १९३३ या काळात त्यांची फेरमांडणी केली, तेव्हा जातींची नावे खूपच वाढली. पुढे १९६२-६३ च्या सुमारास माकोव्स्की आणि कॅलोमन या अभ्यासकांनी वेगवेगळे असे दाखवून दिले की, स्वतंत्र जाती समजले गेलेले कित्येक मोठे आणि लहान अमोनाइट बहुधा एकाच जातीतील माद्या व नर आहेत. म्हणून आपण आमच्या यादीत बऱ्याच ठिकाणी केवळ कुळाचे नाव लिहिलेत आणि पुढे ‘जात अनिश्चित’ असे नोंदवलेत. इतका जाणकार माणूस ‘अनिश्चित’ हा शब्द इतक्या सहजपणे लिहितो, याचा माझ्यावर फार परिणाम झाला.

आईने देवघरातला शालिग्राम आणून दाखवला, तेव्हा आपण उठून हात धुतलेत आणि मगच तो हातात घेतलात. गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या शालिग्रामावरील चक्र हे अशाच प्राण्याचे वेटोळे असते, हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे असलेल्या टेथिस समुद्राच्या काळ्या गाळात ते जपले गेले आणि पर्वताबरोबर वर आले, हे आपण तिला समजेल अशा शब्दांत सांगितले. तिच्या श्रद्धेला कोठेही धक्का न लावता आपण ते सांगितलेत, म्हणून ती आजही ते आनंदाने शेजाऱ्यांना सांगते.

आपल्या सूचनेप्रमाणे प्रत्येक नमुन्यावर क्रमांक घातला आहे, बाबांच्या मूळ चिठ्ठ्या त्या-त्या नमुन्याबरोबरच ठेवल्या आहेत आणि आपली यादी जोडून संपूर्ण संग्रह आपण सुचवलेल्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे सोपवला आहे. विद्यार्थी आता ते नमुने हाताळून शिकतात. मुलीला घेऊन पुढच्या हिवाळ्यात कच्छला जाण्याचा विचार आहे. थरात बसलेल्या जीवाश्माला हात लावायचा नाही, त्याचे शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे आणि जागेची नोंद तिथल्या तिथे करायची, हे आपण घालून दिलेले नियम तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

सतरा क्रमांकाचा गाठी-गाठींचा तुकडा आपण अधिक तपासणीसाठी नेला होता, तो अद्याप आपल्याकडेच आहे. आपल्या सवडीने पाहावा. त्याचा निर्णय लागला की मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि विभागाच्या यादीत नोंद पूर्ण करीन.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
पेटीवाल्या अभियंत्यांची मुलगी