झिओलाइट घडवणाऱ्यांनाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना धातू-सेंद्रिय चौकटींसाठी (धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून बनलेल्या सच्छिद्र स्फटिकांसाठी) मिळाले आणि सच्छिद्र पदार्थ हा विषय वृत्तपत्रांत आला, याचा मनापासून आनंद झाला. पण रेणूंना आत घेणारे पदार्थ माणसाने या चौकटींच्या रूपानेच प्रथम बनवले, असा समज वाचकांचा होऊ नये म्हणून हे पत्र. याघींच्या गटाने २००६ मध्ये ‘झिफ’ जातीच्या चौकटी मांडल्या. त्यांची रचना झिओलाइटसारखी, म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या सूक्ष्म छिद्रे असलेल्या स्फटिकांसारखी, आहे. त्यांतला धातू-इमिडाझोल-धातू हा कोन (इमिडाझोल हा धातूंना जोडणारा सेंद्रिय रेणू) सुमारे १४५ अंशांचा, म्हणजे झिओलाइटमधल्या सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन कोनाच्या जवळपास.

झिओलाइटचे शास्त्र त्याहून कितीतरी जुने आहे. निसर्गात न आढळणारा झिओलाइट रिचर्ड बॅरर यांनी १९४०च्या दशकातच बनवला होता. त्याच सुमारास अमेरिकेत युनियन कार्बाइड कंपनीत रॉबर्ट मिल्टन यांनी झिओलाइटचे ए आणि एक्स हे प्रकार तयार केले. आणि १९५२ मध्ये त्याच कंपनीत एडिथ फ्लॅनिगन नावाची तरुण रसायनशास्त्रज्ञ रुजू झाली. १९५६ पासून ती या कामाला लागली आणि १९९४ मध्ये निवृत्त होईपर्यंत या विषयाशी एकनिष्ठ राहिली. तिच्या नावावर दोनशेहून अधिक नवे पदार्थ आणि शंभराहून अधिक पेटंट आहेत. १९९२ मध्ये औद्योगिक रसायनशास्त्रासाठी दिले जाणारे पर्किन पदक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. हे नाव आपल्याकडे विज्ञानाच्या किती विद्यार्थ्यांच्या कानावर पडले असेल?

हे काम बाहेरून अगदी साधे दिसते. सिलिकेट आणि ॲल्युमिनेट अल्कलीत मिसळायचे, जेल तयार करायचे, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, बंद करून तापवायचे. शेवटी हाती येते ती पांढरी भुकटी. नेमके काय तयार झाले, हे क्ष-किरण विवर्तन (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याची पद्धत) केल्याशिवाय कळत नाही. खरी कसोटी पुढे आहे. हे स्फटिक बहुधा अर्धस्थिर असतात, म्हणजे वेळ मिळाला तर जास्त स्थिर पदार्थात बदलतात. ए प्रकार हाती आला की तिथेच थांबावे लागते. जास्त वेळ तापत ठेवला तर त्याचे घट्ट रचनेच्या सोडालाइटमध्ये रूपांतर होते आणि उपयोगाची छिद्रे जातात. तापमान, अल्कलीचे प्रमाण, पाणी, यांतले काहीही थोडे बदलले की वेगळाच पदार्थ निघू शकतो. कुठे थांबायचे याचा अंदाज पुस्तकातून येत नाही, वर्षानुवर्षे केलेल्या कामातून येतो. म्हणूनच अशा कारकिर्दीला मी शोधाइतकेच मोल देतो.

फ्लॅनिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मला सर्वांत धाडसी वाटणारे काम १९८२ चे आहे. तोवर या चौकटी म्हणजे सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम, असेच बहुतेकांचे गणित होते. या गटाने सिलिकॉनच काढून टाकले आणि त्याच्या जागी फॉस्फरस आणला. ॲल्युमिनोफॉस्फेटचे नवे कुटुंबच उभे राहिले. पुढे त्यात थोडे सिलिकॉन घालून मिळालेला सॅपो-३४ आज मिथेनॉलपासून इथिलीन आणि प्रोपिलीन बनवायला वापरतात. हे दोन्ही प्लॅस्टिकच्या कारखान्यांचा कच्चा माल आहेत.

कोविडच्या काळात ज्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाहिला, त्यांनीही नकळत झिओलाइटच पाहिला. हवेतला नायट्रोजन तो धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. त्यातला आयन (विद्युतभारित अणू) सोडियमचा की लिथियमचा, यावरही ही पकड किती घट्ट हे ठरते. पेट्रोल शुद्धीकरणात उत्प्रेरक म्हणून वाय प्रकार, डिटर्जंटमध्ये कॅल्शियम शोषायला ए प्रकार, अशी यादी वाढवता येईल. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की, या माणसांचे काम कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले आणि पेटंटमध्ये नोंदले गेले. पेटंट वृत्तपत्रांपर्यंत सहसा पोहोचत नाही आणि झिओलाइटच्या संश्लेषणाला आजवर नोबेल मिळालेले नाही. त्यामुळे ही माणसे वाचकांना अनोळखी राहिली. पुरस्काराची बातमी देताना आपण त्या विषयाची आधीची पन्नास-साठ वर्षेही सांगावीत, अशी विनंती. विज्ञान पुरवणीत बॅरर, मिल्टन आणि फ्लॅनिगन यांच्यावर सविस्तर लेख यावेत, आणि त्यांत पुरस्कारांपेक्षा ऑटोक्लेव्हमध्ये काय घडते ते जास्त असावे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक